बेसिनच्या नळाचे कौतुक पुरे, टाक्यांकडे बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वाइनरींच्या पाणीबचतीवरचा कालचा लेख वाचला. टेस्टिंग रूममधल्या बेसिनच्या नळाला जाळी बसवली, यासाठी आपण चार कॉलम खर्चलेत. अभिनंदन! वाइनरीत पाणी जाते ते टाक्या, द्राक्षे पिळायचे प्रेस आणि फरशी धुण्यात. त्यावर एक ओळही नाही.

नाशिकचा हंगाम जानेवारी ते मार्च, म्हणजे धरणे उतरणीला लागतात तेव्हाचा. इंची पाइप नुसता सोडून ठेवला तर मिनिटाला ४० लिटर सहज वाहतात. त्याच्या तोंडाला ट्रिगर गन हवी, म्हणजे दाबले तरच पाणी येईल. द्राक्षांचा चोथा तर पाण्याने ढकलूच नये. आधी फावड्याने उचलावा, वायपरने ओढावा, मगच पाणी मारावे. चोथा गटारात गेला की साखर विरघळते, बिया जाळीत अडकतात, ईटीपीत (सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणेत) सीओडी, म्हणजे पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचे माप, चढतो आणि वासाने गाव ओरडते.

टाकी वाइन काढल्याबरोबर धुवावी. टार्टरचे (वाइनमधून खाली बसणाऱ्या क्षाराचे) खडे भिंतीवर सुकले की गार पाण्याचा कितीही मारा करा, निघत नाहीत; गरम पाण्यात विरघळतात. २ टक्के कॉस्टिक सोड्याचे १५०-२०० लिटर गरम द्रावण पंपाने स्प्रे बॉलमधून (टाकीत चहूकडे फवारणाऱ्या गोळ्यातून) फिरवत ठेवले की १०,००० लिटरची टाकी स्वच्छ निघते. तेच द्रावण आधी व्हाइट वाइनच्या, नंतर रेडच्या टाकीला चालते. मग १ टक्का सायट्रिक आम्ल आणि शेवटी साधे पाणी. पीएचपट्टीचा रंग नळाच्या पाण्याइतका आला की थांबावे. अंदाजाने अर्धा तास पाइप धरून बसू नये. हे शेवटचे विसळण पुढच्या टाकीच्या पहिल्या धुण्याला साठवावे.

सांडपाणी बागेला देतात, याचेही लेखात कौतुक आहे. कॉस्टिक सोड्यातले सोडियम वर्षानुवर्षे मुरले तर काळी जमीन चोपण (घट्ट, निचरा न होणारी) होते, हे कोणी सांगायचे? पोटॅशियम हायड्रॉक्साइड महाग पडते, पण पाणी बागेला द्यायचे तर तेच वापरावे.

लेखातला ‘वाइनच्या एका ग्लासमागे ११० लिटर’ पाण्याचा आकडा जागतिक सरासरीचा, त्यात बराचसा वाटा पावसाच्या पाण्याचा. आपली बाग ऑक्टोबर छाटणीनंतर ठिबकवर जगते. तो आकडा जसाच्या तसा नाशिकला कसा चिकटवता?

ता. क. : छायाचित्रात थॉमसन सीडलेसचे घड आहेत. ती खायची द्राक्षे. वाइनसाठी इथे शेनिन ब्लाँ, शिराझ लावतात. छायाचित्रकाराला बागेपर्यंत पाठवायला हरकत नव्हती.

— एक वाचक, दिंडोरी