अजून तीन हिवाळे

यारोस्लाव्हल

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर आपले बोलणे अर्धवट राहिले आणि त्याला माझा चढलेला आवाज कारणीभूत होता, हे मला मान्य आहे, म्हणून आता शांतपणे लिहायला बसलो आहे. रशियनमध्ये लिहिले की तू मजकूर बाजूला ठेवून माझी व्याकरणाची रूपे सुधारत बसतोस, तेव्हा मराठीतच लिहितो. एखादे जोडाक्षर अडले, तर आजीने सांगितले आहे तसे मोठ्याने वाच, म्हणजे उलगडेल.

एजंटचे म्हणणे असे, की येत्या उन्हाळ्यातच तू कॅनडाच्या ज्युनियर आइस हॉकी लीगमध्ये जावेस, कारण ड्राफ्टच्या, म्हणजे एनएचएल या अमेरिका-कॅनडाच्या व्यावसायिक लीगचे संघ तरुण खेळाडू निवडतात त्याच्या, आधीचे वर्ष तिकडच्या स्काउटांच्या, म्हणजे खेळाडू हेरणाऱ्यांच्या, डोळ्यांसमोर गेले पाहिजे. माझे म्हणणे असे, की तू अजून तीन हिवाळे इथेच खेळावेस आणि विसाव्या वर्षी जावेस. यात देशाभिमानाचा प्रश्न नाही, आणि आईच्या डोळ्यांतल्या पाण्याचाही नाही; ती तर जाऊ द्या म्हणते. प्रश्न तू कोणत्या जागी खेळतोस याचा आहे. आघाडीचा खेळाडू सतराव्या वर्षी चमकू शकतो, कारण त्याच्या 10 चुका एका गोलने झाकल्या जातात. बचावपटूची एक चूक मात्र थेट फलकावर लागते, आणि म्हणूनच त्याची जडणघडण सावकाश होते.

मागच्या महिन्यात तुला व्हेएचएलच्या, म्हणजे इथल्या दुसऱ्या फळीच्या लीगच्या, संघात बोलावले होते, त्या सामन्याला मी वरच्या कोपऱ्यात बसलो होतो, हे तुला अजून सांगितलेले नाही. तुला जेमतेम 6 मिनिटे बर्फ मिळाला. दुसऱ्या सत्रात पक (ती रबरी चकती) आपल्या कोपऱ्यात आला, तू मागे वळून उचलायला गेलास, आणि जाताना खांद्यावरून फक्त एकदा पाहिलेस. मागून येणारा तो पस्तिशीचा, पोट थोडे सुटलेला खेळाडू तुझ्या अंगावर आलाच नाही. त्याने फक्त स्टिकचे पाते तू पास देणार होतास त्या वाटेवर आडवे ठेवले, आणि तू पक अगदी शिस्तीत त्याच्या पात्यावर नेऊन दिलास. गोल झाला नाही, हे गोलरक्षकाचे उपकार. बाकावर परतल्यावर तुझ्या शेजारच्या म्हाताऱ्या बचावपटूने (म्हातारा म्हणजे हॉकीत 34 वर्षांचा!) हातमोजा आधी डाव्या खांद्यावर टेकवला, मग उजव्या. पुढच्या पाळीत तू दोनदा पाहिलेस.

माझे सगळे म्हणणे त्या हातमोज्यात आहे. कॅनडाच्या ज्युनियर लीगमध्ये मुले 16 ते 20 वयाची असतात. तिथे तुझ्यापुढे वेग असेल, धडक असेल, ऑन्टारिओच्या लीगमध्ये तर एका हंगामात 68 सामने असतील, पण फसवणारा माणूस नसेल. इथे व्हेएचएलमध्ये ज्याला घराचे हप्ते फेडायचे आहेत आणि ज्याचा वेग संपला आहे, असा माणूस केवळ डोक्याने खेळतो. तो तुला जे शिकवेल ते तुझ्या वयाची पोरे शिकवू शकणार नाहीत. शिवाय मी हाडांचा डॉक्टर आहे, तेव्हा एवढे सांगण्याचा मला अधिकार आहे, की तुझी उंची आता थांबत आली असली तरी मांड्या आणि पाठ भरायला अजून 2-3 वर्षे लागतील, आणि भरत असलेल्या शरीराला रात्रभराच्या बसप्रवासापेक्षा झोप आणि आईच्या हातचे जेवण जास्त मानवते.

तू लगेच प्रोव्होरोव्हचे नाव काढशील, आणि ते काढणे रास्त आहे. इव्हान प्रोव्होरोव्ह आपल्याच गावचा. 13-14 वर्षांचा असताना तो अमेरिकेला गेला, पुढे कॅनडातल्या ब्रँडनच्या ज्युनियर संघातून खेळला आणि 2015 च्या ड्राफ्टमध्ये फिलाडेल्फियाच्या संघाने त्याला सातव्या क्रमांकावर घेतले. निझ्नेकाम्स्कचा बचावपटू सर्गाचोव्हही असाच कॅनडातल्या विंडसरला गेला आणि 2016 मध्ये नववा निवडला गेला. पण त्याच 2015 च्या ड्राफ्टमध्ये आपल्या यारोस्लाव्हलचा आणखी एक बचावपटू होता, व्लादिस्लाव गाव्रिकोव्ह. त्याला कोलंबसने 159 व्या क्रमांकावर घेतले, आणि तो तरीही गेला नाही. आपल्या गावच्या लोकोमोटिव्ह क्लबकडून खेळला, मग सेंट पीटर्सबर्गच्या एसकेएकडून. 2018 चे ऑलिंपिक सुवर्ण जिंकले आणि 2019 मध्ये 23 व्या वर्षी कोलंबसला पोहोचला, तो तयार होऊनच. आज प्रोव्होरोव्ह आणि तो, दोघेही एनएचएलमध्ये भक्कम उभे आहेत. बचावपटू निकिशिनला कॅरोलायनाने 2020 मध्ये निवडले, तो 2025 च्या वसंतात गेला. खाबारोव्स्कच्या झूबला तर ड्राफ्टमध्ये कोणी घेतलेच नव्हते, तो 2020 मध्ये ओटावाला गेला आणि टिकला. लवकर गेलेल्यांपैकी जे जमले नाहीत त्यांची नावे तुला आणि मला ठाऊक नाहीत, एवढे मात्र त्या यादीकडे पाहताना ध्यानात ठेव.

बर्फाच्या रुंदीचा मुद्दा मी आता लावून धरत नाही. जुना 30 मीटरचा बर्फ आणि तिकडचा सुमारे 26 मीटरचा, यांत बचावपटूची सगळी भूमिती बदलते हे खरे. कोपरे जवळ येतात आणि विचाराला वेळ उरत नाही. पण रशियातही आता बरीच मैदाने 28 आणि 26 मीटरांची झाली आहेत, तेव्हा त्या एका कारणासाठी समुद्र ओलांडण्याची गरज राहिलेली नाही.

तुझी खरी तक्रार वेगळी आहे आणि तिला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. इथले प्रशिक्षक तरुणाला कपडे चढवून बाकावर बसवतात आणि सामन्यात 2 मिनिटे देतात. बचावपटूला तर त्याहून कमी, कारण नोकरी त्यांचीही असते. गेल्या वर्षी तुला सलग 9 सामने नुसते बसवले गेले, तेव्हा मीही चडफडलो होतो. म्हणून मी बोलतो ते बिनशर्त नाही. वरच्या संघाच्या बाकावर मिरवण्यापेक्षा व्हेएचएलमध्ये रोज 18 मिनिटे खेळण्याचा हट्ट धर, आणि एकोणिसाव्या वर्षापर्यंत तेही मिळाले नाही, तर तुझी बॅग मी स्वतः विमानतळावर आणून देईन.

दोन गोष्टी कागदोपत्री आहेत. रशिया आणि एनएचएल यांच्यात खेळाडूंच्या हस्तांतरणाचा करार नाही, म्हणजे इथला करार संपल्याखेरीज तुला सन्मानाने जाता येणार नाही. तेव्हा क्लब कितीही गोड बोलून 3 वर्षांचा कागद पुढे करो, सही एकेका वर्षाचीच करायची, आणि मला दाखवल्याशिवाय करायची नाही. दुसरे म्हणजे संस्थेत पूर्णवेळ प्रवेश घे; अठरा पूर्ण झाल्यावर लष्करी सेवेची तहकुबी पूर्णवेळ विद्यार्थ्याला मिळते, पत्रद्वारे शिकणाऱ्याला नाही.

आणि इंग्रजी. मी अठराव्या वर्षी पुण्याहून इथे आलो तेव्हा पहिले वर्ष पूर्वतयारीच्या वर्गात फक्त भाषा शिकण्यात गेले, आणि तरीही दुसऱ्या वर्षी शवविच्छेदनाच्या टेबलापाशी प्राध्यापक काय म्हणाले हे मला शेजारच्याचा चेहरा पाहून ताडावे लागत असे. मी तिथे चुकलो तर फार तर गुण जात. तू पाठमोरा पक उचलत असताना गोलरक्षक मागून ‘रिव्हर्स’ (पक उलट दिशेला दे) ओरडला आणि तुझ्या डोक्यात ते अर्ध्या सेकंदाने पोहोचले, तर अंगावर येणारा 95 किलोंचा माणूस तेवढा थांबणार नाही. आज तुझे कान ‘स्पिना’ (पाठ, म्हणजे मागून माणूस येतोय) या एका रशियन शब्दावर मान वळवतात; तसेच ते दुसऱ्या भाषेत वळू लागेपर्यंत आठवड्यातून 3 तास शिकवणी ठेवू. पैसे मी भरीन.

एजंटला सोमवारी उत्तर हवे आहे. त्याच्या उतावळेपणाचे कारण त्याची दलाली आहे, हे तुलाही कळते. रविवारी बाझावरून, म्हणजे संघाच्या सरावतळावरून, सुट्टी मिळाली तर घरी ये. अंगणातल्या कोरोब्कात (कठडे घातलेल्या छोट्या मैदानात) बर्फ धरावा म्हणून मी काल रात्री नळी लावून पाणी सोडले आहे, उणे 14 होते, चांगले धरले आहे. उजव्या कठड्याजवळ मात्र अजून खडबडीत आहे. जुनी स्टिक घेऊन ये, मी मागून येतो आणि तू पक उचल. तू खांद्यावरून किती वेळा पाहतोस ते मला जवळून मोजायचे आहे. नंतर पोहे खाता खाता तुझे म्हणणे मी मध्ये न बोलता ऐकेन.

तुझा,
बाबा