घर गहाण टाकून सूक्ष्मदर्शक घेणारा डॉक्टर

मा. संपादक,
स.न.वि.वि.

जिल्हा परिषदेला आमच्या गटातून एक डॉक्टर उभे राहणार, अशी चर्चा आहे. मला त्याचा आनंदच आहे. चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी, मी ३१ वर्षे हिवताप आणि सिकलसेलसाठी (तांबड्या पेशी विळ्यासारख्या होण्याचा आनुवंशिक आजार) रक्त तपासले. म्हणून त्यांना अमेरिकेतले एक डॉक्टर, विल्यम वॉरल मेयो, यांची गोष्ट सांगावीशी वाटते.

मेयो १८१९ साली इंग्लंडमध्ये जन्मले, १८४६ मध्ये अमेरिकेत गेले. पोटासाठी शिंपीकामही केले. मिनेसोटा राज्यात नुसत्या डॉक्टरकीवर भागेना, तेव्हा शेती केली, नाव चालवली. यादवी युद्धात भरती होणाऱ्यांना तपासायला १८६३ मध्ये रॉचेस्टरला आले आणि तिथलेच झाले. पुढे गावाचे नगराध्यक्ष, १८९१ पासून राज्याच्या सिनेटचे सदस्य. पण माझ्या मनात घर केले ते त्यांच्या सूक्ष्मदर्शकाने. किंमत ६०० डॉलर, हातात पैसा नाही. पत्नी लुईस यांच्या संमतीने त्यांनी राहते घर गहाण टाकले!

आमच्या आरोग्य केंद्रात घर गहाण टाकायची वेळच नाही, यंत्र सरकारनेच दिले आहे. फक्त त्याच्या शंभरच्या (शंभरपट मोठे दाखवणाऱ्या) लेन्सवर पावसाळ्यात बुरशी चढली, ती दोन वर्षे तशीच. हिवतापाचा जंतू त्याच लेन्सखाली दिसतो. विचारले की उत्तर ठरलेले : "केंद्र लहान आहे, स्लाइड तालुक्याला पाठवा." रिपोर्ट येईपर्यंत ताप उतरलेला तरी असतो, नाहीतर डोक्यात गेलेला. सांधे सुजलेल्या एका पावरा आदिवासी मुलाला कित्येक महिने वाताच्या गोळ्या दिल्या गेल्या. होता सिकलसेल. कापूस वेचणीची मजुरी बुडवून त्याची आई खेपा घालत होती. तिचा चेहरा मी विसरलेलो नाही.

"गाव लहान आहे" असे मेयोही एकदा म्हणाले होते. ऑगस्ट १८८३ च्या चक्रीवादळात रॉचेस्टर उद्ध्वस्त झाले. फ्रान्सिस्कन सिस्टर्सनी (ख्रिस्ती जोगिणींनी) जखमींची शुश्रूषा केली आणि त्यांच्या प्रमुख मदर आल्फ्रेड यांनी रुग्णालयाचा आग्रह धरला. मेयोंना ते पटेना. सिस्टर्सनी पैसा जमवला, आणि १८८९ मध्ये २७ खाटांचे सेंट मेरीज उघडले तेव्हा सत्तरीतले मेयो डॉक्टर झालेल्या दोन्ही मुलांसह तिथे उभे होते. आजचे मेयो क्लिनिक त्यातूनच वाढले.

उमेदवार डॉक्टरसाहेबांनी प्रचारात आमच्या केंद्रावर जरूर यावे, आणि भाषणाआधी त्या सूक्ष्मदर्शकाला एकदा डोळा लावून पाहावे.

— एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ, ता. चोपडा, जि. जळगाव