विमान आणि 'जुगाड'

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

घरच्या शेडमध्ये दोन आसनी विमान बांधणाऱ्या गृहस्थांवरचा लेख आपल्या रविवार पुरवणीत वाचला. लेख मनापासून लिहिला आहे, फोटोही झकास आहेत. पण मथळ्यात 'जुगाड' हा शब्द आहे, मजकुरात तो आणखी चारदा येतो, आणि एका परिच्छेदात तर कौतुकानं सांगितलं आहे की विमानाचे बोल्ट वेळेवर मिळेनात म्हणून त्यांनी नेहमीच्या हार्डवेअरच्या दुकानातले बसवले. तो परिच्छेद मी दोनदा वाचला, पेपर घडी करून ठेवला आणि हे पत्र लिहायला घेतलं.

मी निवृत्त दंतवैद्य आहे. संध्याकाळी आणि रविवारी काम करत नऊ वर्षांत मी अॅल्युमिनियमचं दोन आसनी विमान बांधलं. गेली सहा वर्षं ते उडवतो आहे. 'उडवतो' हा शब्द जरा फसवा आहे म्हणा. हवेतले तास जेमतेम चारशे झाले. शेडमधले तास मोजणं मी केव्हाच सोडलं.

आधी बोल्टचंच बोलतो. या विमानात सर्वांत जास्त लागतो तो ३/१६ इंचाचा बोल्ट, पेन्सिलीपेक्षा बारीक. डोक्यावर फुलीची किंवा चांदणीची खूण असते. दुकानातला बोल्ट शेजारी ठेवला तर भाऊच वाटावा, आणि कधी कधी तो जास्त टणकही असतो. पण टणकपणाला भुलायचं नसतं. विमानाच्या बोल्टचं पोलाद चिवट असतं, त्यावर गंज धरू नये म्हणून कॅडमियमचा मुलामा असतो, आणि मुख्य म्हणजे त्याच्या दांड्याचा काही भाग बिनआट्यांचा, गुळगुळीत असतो. तो गुळगुळीत भाग जोडायच्या पत्र्यांच्या जाडीशी जुळावा लागतो, म्हणून इंचाच्या आठव्या हिश्श्याच्या फरकानं वेगवेगळ्या लांबीचे बोल्ट ठेवावे लागतात. दुकानातल्या छोट्या बोल्टला बहुधा बुडापासून टोकापर्यंत आटे असतात. ते आटे भोकात आले की थरथरीबरोबर कानशीसारखे घासत राहतात आणि गोल भोक हळूहळू लांबट होतं. वरून काही दिसत नाही.

आवळायचा किती, हेही ठरलेलं आहे: २० ते २५ इंच-पौंड. माझा हात चाळीस वर्षं दातांच्या बारीक कामावर बसलेला, तेव्हा मला वाटलं अंदाज चुकणार नाही. पहिल्याच दिवशी टॉर्क पान्यानं, म्हणजे किती जोर लागला ते दाखवणाऱ्या पान्यानं, मला खोटं पाडलं. मी प्रत्येक नट दीडपट आवळत होतो.

असे खोटे पडण्याचे प्रसंग नऊ वर्षांत पुष्कळ आले. सुरुवातीला पत्र्यावर खुणा करायला मी शिसपेन्सिल वापरली. ग्राफाइट आणि ओलावा एकत्र आले की अॅल्युमिनियम तिथूनच सडायला लागतं, म्हणून पत्र्यावर शिसपेन्सिल लावायची नाही, हे नियमपुस्तिकेच्या पहिल्याच पानांत लिहिलेलं होतं. मी ती पानं उलटून पुढे गेलो होतो. लाज याची वाटली की तोंडात दोन वेगळे धातू शेजारी आले तर काय होतं, हे मी जन्मभर पेशंटना समजावत आलो. तीच रसायनविद्या माझ्याच पत्र्यावर चालू होती.

रिव्हेटचं, म्हणजे पत्रे जोडायला ठोकून चेपायच्या खिळ्यांचं, काम एकट्यानं सगळं होत नाही. पत्नी शेपटीच्या नळकांड्यात आडवी होऊन रिव्हेटच्या मागे लोखंडी ठोकळा धरायची, मी बाहेरून रिव्हेट ठोकायची गन चालवायचो. एकमेकांची तोंडं दिसत नाहीत, गनच्या आवाजात वाक्यं ऐकू येत नाहीत, म्हणून आमची तीन शब्दांची भाषा ठरली: 'धर', 'हां' आणि 'गेला'. १/८ इंचाच्या रिव्हेटचं मागचं डोकं चेपून ३/१६ इंच रुंद आणि १/१६ इंच उंच झालं तर 'हां'. वाकडं झालं, जास्त चेपलं, तर 'गेला', आणि मग तो ड्रिलनं काढून पुन्हा मारायचा. काढताना ड्रिल जरा सरकलं आणि भोक मोठं झालं की जाड रिव्हेट आला, आणि जाड रिव्हेट पत्र्याच्या कडेच्या फार जवळ येत असेल तर पत्राच बदलायचा. बारा हजारांच्या आसपास रिव्हेट मारले. काढून पुन्हा मारलेले ६१३, वहीत तारखांसकट आहेत. पत्नी म्हणते त्यातले पाचशे माझे आणि उरलेले तिचे. आकडा फारसा चुकीचा नसावा.

कुणी म्हणेल, या छंदाची सुरुवातच जुगाडातून झाली की. अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या बर्नार्ड पिटेनपॉल यांनी १९२९ साली चक्क फोर्डच्या मॉडेल ए मोटारीचं इंजिन लाकडी विमानाला लावून उडवलं, त्याचे नकाशे छापून आले आणि आजही लोक ते विमान बांधतात. खरं आहे. पण त्यांनी ते इंजिन का निवडलं ते बघा. ते इंजिन सुमारे ४० अश्वशक्ती देतं आणि तीही मिनिटाला २,२०० फेऱ्यांच्या आसपास, म्हणजे प्रोपेलर मधल्या गिअरशिवाय थेट जोडता येतो. त्याआधी त्यांनी दुसरी इंजिनं लावून पाहिली होती. हाताला लागलं ते बसवलं, असा प्रकार नव्हता. माझं इंजिन मिनिटाला ५,८०० फेऱ्यांपर्यंत जातं, म्हणून त्याच्या पुढे २.४३ ला १ असा गिअरबॉक्स आहे. त्या गिअरबॉक्सचीही तपासणी आली, त्याचीही पानं वहीत आहेत. सोय म्हणून घेतलेल्या प्रत्येक वस्तूची पुढे सेवा करावी लागते, एवढंच मला त्या लेखातल्या गृहस्थांना कळवायचं आहे.

लेख पहिल्या उड्डाणापाशी संपतो, याबद्दलही माझी तक्रार आहे. टाळ्या, डोळ्यांत पाणी, समाप्त. आमच्याकडे त्या दिवशी कसली समाप्ती? त्यानंतर दर उड्डाणाआधी तेल बघायचं. या इंजिनात नुसती पट्टी बुडवून तेल कळत नाही. प्रज्वलन बंद आहे याची खात्री करून प्रोपेलर फिरण्याच्या दिशेनं हातानं फिरवत राहायचं, इंजिनातलं तेल टाकीत परत आलं की टाकीतून गुडगुड ऐकू येते, आणि मगच पट्टी बघायची. फिल्टर बदलला की जुना कापून, कागद उलगडून त्यात धातूचे कण आहेत का ते पाहायचं. कार्ब्युरेटरमधले फ्लोट, म्हणजे पेट्रोलवर तरंगणारे तुकडे, काढून तोलायचे, जोडीचं वजन ७ ग्रॅमच्या वर गेलं तर ते पेट्रोल पिऊन जड झालेत असं समजून बदलायचे. रबराच्या नळ्या दर पाच वर्षांनी सगळ्या नव्या, जुन्या कितीही धडधाकट दिसोत. आणि दर बारा महिन्यांनी सगळी झाकणं उघडून टोकापासून शेपटीपर्यंत तपासणी. दवाखाना बंद केला तेव्हा मी फक्त दोन वस्तू घरी आणल्या, तोंडात घालायचा छोटा आरसा आणि टोकदार प्रोब. इंजिन आणि बसायची जागा यांच्यामधल्या आगरोधक पडद्यापाशी त्यांच्यासारखं काही चालत नाही. आरसा तिथेही धुरकटतो, पण तिथे निदान 'आ करा' म्हणावं लागत नाही.

आता एक गोष्ट, जी मी आजवर घराबाहेर फारशी सांगितलेली नाही. दुसऱ्या वार्षिक तपासणीच्या वेळी मी मोटारसायकली दुरुस्त करणाऱ्या एका मित्राला बोलावलं. विमानातलं त्याला काही कळत नव्हतं, आणि नेमकं म्हणूनच बोलावलं. पायाशी रडरच्या, म्हणजे शेपटीवरच्या सुकाणूच्या, पेडलच्या जोडावर कॅसल नट असतो, किल्ल्याच्या तटासारखे दाते असलेला. त्या दात्यांमधून आणि बोल्टच्या भोकातून स्प्लिट पिन घालून टोकं दुमडायची, म्हणजे जोड हलता राहूनही नट फिरून निघत नाही. मित्र बॅटरी घेऊन डोक्यावर उलटा झाला आणि म्हणाला, "डॉक्टर, या तीन नटांना पिना आहेत, याला का नाही?"

नट बोटांनी फिरला. त्या स्थितीत मी ९० तास उडलो होतो.

त्या दिवसाचं पान वहीत काढलं. 'डावे पेडल बसवले, पूर्ण', खाली माझी सही. पूर्ण! मग आठवलं: तेव्हा फोन आला होता, एका पेशंटची दाढ ठणकत होती, मी हात पुसून गेलो आणि परत येऊन पुढचं काम धरलं. त्यानंतर बांधताना आणि पहिल्या वार्षिक तपासणीत मिळून त्या नटाकडे मी दहादा तरी बघितलं असेल. मला तिथे पिन दिसत होती, कारण ती तिथे असायला हवी होती. तेव्हापासून दोन नियम पाळतो. मध्येच उठावं लागलं तर त्या जागी लाल फडकं बांधूनच उठायचं, आणि परत आल्यावर जिथे सोडलं तिथून सुरू न करता त्या जोडाच्या पहिल्या बोल्टपासून सुरू करायचं. दुसरा नियम, माझ्या कामावर माझीच सही पुरेशी धरायची नाही.

जॉन डेन्व्हर या अमेरिकन गायकाचं विमान १२ ऑक्टोबर १९९७ रोजी कॅलिफोर्नियात माँटेरेच्या उपसागरात कोसळलं, ते आपल्या जुन्या वाचकांना आठवत असेल. ते विमान घरी बांधलेलं लाँग-ईझी जातीचं होतं, बांधणारा दुसराच कुणी, डेन्व्हर यांनी ते नुकतंच विकत घेतलं होतं. रचनाकाराच्या नकाशात इंधनाच्या टाक्या बदलायची मूठ वैमानिकाच्या पुढ्यात होती. बांधणाऱ्यानं ती डाव्या खांद्याच्या मागे नेली, इंधनाची नळी बसायच्या जागेतून जाऊ नये म्हणून. हेतू चांगलाच की. पण मुठीवर कोणती टाकी कुठल्या बाजूला याची खूण नव्हती, इंधन दाखवणाऱ्या, वैमानिकाच्या मागे असलेल्या काचांवरही आकडे नव्हते, आणि मूठ फिरवायला जड जात होती. उड्डाणाआधी मेकॅनिकनं पक्कड लावून मुठीची लांबी वाढवून पाहिली, ते जमलं नाही. मागच्या काचा दिसाव्यात म्हणून त्यानं डेन्व्हर यांना एक आरसा दिला. चौकशीचा निष्कर्ष असा की मुठीपर्यंत पोचण्यासाठी मागे वळताना त्यांच्या पायानं उजवं रडर नकळत दाबलं गेलं आणि विमान ताब्यातून सुटलं.

मी हा अहवाल पहिल्यांदा वाचला तेव्हा तो आरसा माझ्या डोक्यातून जाईना. मुठीची जागा बदलणं, ही हुशारीच होती. त्यानंतरची पक्कड आणि आरसा यांना मात्र आपल्या लेखातला शब्द अगदी चपखल बसेल.

माझ्याही विमानात नकाशाहून वेगळ्या तीन गोष्टी आहेत. तिन्ही नकाशा बनवणाऱ्यांना लिहून विचारल्या होत्या. चौथी विचारली होती तिला 'नको' असं उत्तर आलं, तेव्हा तासभर रागावून बसलो आणि नकाशाप्रमाणे केली. चारही पत्रं वहीला चिकटवलेली आहेत. वय झालंय, उद्या डोळ्यांच्या तपासणीत नापास झालो तर विमान दुसऱ्याच्या हाती जाईल, आणि त्या माणसाला खांद्यामागे चाचपडावं लागू नये.

आपल्याला एक विनंती आहे. पुढच्या महिन्यात आमची सातवी वार्षिक तपासणी आहे. तीन दिवस चालेल, उड्डाण एकही होणार नाही. आपल्या लेखकांना अवश्य पाठवा. त्या गृहस्थांनाही आणलं तर फारच चांगलं, त्यांच्या मापाचे बोल्ट माझ्याकडे शिल्लक आहेत. जुने कपडे घालून यावं, खिशातली नाणी-किल्ल्या दाराशी ठेवाव्यात, आणि आत असताना फोन बंद ठेवावा.

आपला,
एक निवृत्त दंतवैद्य
(नाव-पत्ता आपल्याकडे कळवला आहे, छापू नये.)