झाडीत रुजू झालेल्या लेकीस

चि. बाई,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तू म्हणालीस, "आई, इथं नजर लांब जातच नाही, जिकडं पाहावं तिकडं झाड आडवं येतं." मला माझे लग्नानंतरचे दिवस आठवले. मी नवेगावबांधकडची, तिथल्याच झाडीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या जंगलपट्टीत वाढलेली. दर्यापूरच्या या सपाटीत आले तेव्हा मला नेमकं उलटं वाटलं होतं. उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ, बाकी नुसतं आभाळ. सावलीला टेकायचं तर धुऱ्यावरची एखादी बाभूळ. आता दोन्ही मुलूख माझ्या जिवाचे आहेत, म्हणून लिहिते.

आधी तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर जाऊन उभी राहा. धानाला पाणी लागतं आणि पाऊस मधेच दडी मारतो, म्हणून तिथल्या कोहळी लोकांनी गोंड राजांच्या काळापासून जमिनीचा उतार पाहून पाळी घातल्या. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली मिळून असे हजारो तलाव आहेत. १९५१ मध्ये मालगुजारी, म्हणजे गावचा सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांची पद्धत गेली, तेव्हापासून ते माजी मालगुजारी, म्हणजेच मामा तलाव. वरचा भरला की त्याचं पाणी सांडव्यानं खालच्यात उतरतं, तिथून बांध्यांत, म्हणजे धानाच्या वाफ्यांत. रोवणीच्या दिवसांत बाया पाण्यात वाकून पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं लावतात तेव्हा अख्खं शिवार चकाकतं. सारस दिसला तर मला लगेच फोन कर. आपल्या राज्यात तो आता मुख्यतः गोंदियाकडंच उरलाय.

आपल्याकडं असे तलाव नाहीत. इथं पाणी धरते ती काळी माती. विहीर खणली तर पाणी लागतं, पण खारं, ओलिताच्या कामाचं नाही. उन्हाळ्यात वावराला भेगा पडतात, काठी घातली तर आत जाते. लोकांना ती जमीन मेलेली वाटते. पण पहिल्या पावसाचं पाणी त्याच भेगांतून खोल उतरतं, मग माती फुगते, भेगा मिटतात, आणि त्या ओलीवर हिवाळ्यात हरभरा उभा राहतो, वरून एक पाणी न देता. तुझे बाबा ढेकूळ मुठीत दाबून ओल सांगतात, ते तू लहानपणापासून पाहिलंयस. आपल्या या खाऱ्या पाण्याच्या पट्ट्याला, खारपाणाला, कुणी उजाड म्हटलं की मला राग येतो, झाडीला मागास म्हटलं की तितकाच येतो.

आणि बघ, इथलं पाणी पूर्णेतून तापीला मिळून पश्चिमेच्या समुद्राला जातं. तिथलं वैनगंगेतून प्राणहिता, गोदावरी करत पूर्वेच्या. एकाच विदर्भातलं!

चैतात मोहफुलं पडतील. पहाटे त्या वासानं मला अजूनही घर आठवतं. वेचायला जा, पण गावच्या बायांबरोबर जा. मोहाखाली अस्वल येतं, एकटी मुळीच जाऊ नकोस.

दिवाळीनंतर मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा भरतात, रात्रभर नाटकं चालतात. कापसाची पहिली वेचणी उरकली की आम्ही दोघं येतो. बाबांना झाडीचं नाटक दाखवायचंय. पुढची जागा बघून ठेव, त्यांना हल्ली कमी ऐकू येतं.

तुझी आई