टेपचे दुसरे टोक माझ्या हाती देणाऱ्या अभियंता मॅडमना

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

आपले नाव मी मुद्दामच लिहीत नाही. आपल्याला ते आवडणार नाही असे वाटते, आणि या पत्रामुळे आपल्याला कुणाचा त्रास झालेला मला चालणार नाही. आमच्या इमारतीच्या बाजूच्या मोकळ्या जागेवरचे पत्र्याचे छप्पर निघाले त्याला आज नऊ दिवस झाले. या नऊ दिवसांत दोनदा मी आपल्या कार्यालयाच्या पायऱ्यांपर्यंत आले आणि समोर उभी राहिले तर धड बोलता येणार नाही, डोळे भरून येतील, या भीतीने परत गेले. म्हणून लिहिते आहे.

आमची इमारत गिरणगावातली. तळमजल्यावर दुकाने आणि वर राहती घरे. तळमजल्यावरच्या गाळ्यात उपाहारगृह येणार असे कळले तेव्हा विरोध करणाऱ्यांत मी नव्हते. माझी आई 1982 च्या संपाच्या आधीपासून गिरणी कामगारांसाठी खाणावळ चालवत होती, आणि आमची शिक्षणे त्या खाणावळीच्या पैशावरच झाली. लोकांना जेवू घालून चार पैसे मिळवण्याला मी कधीच नावे ठेवणार नाही. गाळ्याला परवानगी मिळाली ती मात्र अटींवर मिळाली होती : स्वयंपाक गाळ्याच्या आत व्हावा, धुराडे गच्चीच्या वर न्यावे आणि बाजूची मोकळी जागा मोकळीच राहावी. आधी दोन टेबले बाहेर आली, मग पावसापासून आडोसा म्हणून ताडपत्री, मग ताडपत्रीच्या जागी लोखंडी अँगलवर पत्रा, त्याखाली तंदूर, आणि जिन्याला खेटून 19 किलोच्या सिलिंडरांची रांग. धुराडे पहिल्या मजल्याच्या वर कधी गेलेच नाही. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीच्या गजांवर रोज सकाळी चिकट काजळी असे. ती ओल्या फडक्याने नुसती पसरते, आधी वर्तमानपत्राने टिपून मग सोड्याच्या पाण्याने पुसावी लागते. दोन वर्षे हे माझे रोजचे काम होते.

काजळी मी सोसली असती. परंतु गेल्या वर्षी माझ्या यजमानांना रात्री नऊच्या सुमारास धाप लागली, रुग्णवाहिका आली आणि तिच्यातले स्ट्रेचर जिन्यापर्यंत पोहोचेना. जेवणारी माणसे भली होती. हातात ताटे धरून भिंतीला चिकटून उभी राहिली, कुणी खुर्च्या उचलल्या, तरीही तंदूरपाशी वळण घेता येईना. शेवटी दोघांनी त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून त्या सिलिंडरांच्या बाजूने बाहेर काढले. ते बरे होऊन घरी आले, पण त्या रात्रीपासून माझ्या मनातून एक गोष्ट जाईना. 29 डिसेंबर 2017 रोजी कमला मिलच्या आवारातल्या आगीत 14 जीव गेले, ती जागा आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. माणूस स्वतःच्याच इमारतीतून बाहेर पडू शकत नाही म्हणजे काय, हे आमच्या भागाला कुणी समजावून सांगण्याची गरज नाही.

तक्रारी कशा आणि किती केल्या ते येथे लिहीत नाही. त्यांच्या पोचपावत्यांची पिशवी आपण पाहिलीच आहे. आपल्या आधी जे साहेब पाहणीला आले त्यांच्याविषयी मात्र लिहिल्यावाचून राहवत नाही. ते तिन्ही वेळा सकाळी अकराला आले. सकाळी अकराला टेबले आत रचलेली असतात, तंदूर थंड असतो आणि सिलिंडरांवर चादर टाकलेली असते. फाटकापाशी उभे राहून त्यांनी एकदा आत नजर टाकली आणि थोड्या दिवसांनी मला उत्तर आले, 'स्थळपाहणी केली असता आक्षेपार्ह बाब आढळून आली नाही, सबब तक्रार निकाली काढण्यात येत आहे.' डोक्यावरचा पत्रा तर अकरालाही तेथेच होता. त्याबद्दल विचारले तेव्हा 'तो तात्पुरता आहे' असे सांगण्यात आले. माहितीच्या अधिकारात मिळवलेला मंजूर नकाशा मी पुढे केला, तर त्याची घडीसुद्धा उलगडली गेली नाही. कार्यालयातल्या एका टेबलावर तर मला सांगण्यात आले, 'आजी, शेजाऱ्यांशी जमवून घ्यायला शिका.' मी पस्तीस वर्षे शाळेत शिकवले आहे. मुलांचे न ऐकता त्यांना परत पाठवणे किती सोपे असते ते मला माहीत आहे, म्हणूनच ते वाक्य मला अधिक लागले. आमच्या इमारतीतल्याही काहींनी, ज्यांच्या मुलांना त्याच जिन्याने उतरायचे आहे त्यांनी, मला सहीसाठी दारात उभे केले आणि 'नंतर बघू' म्हणून दार लावले.

आपण माझा अर्ज वाचून एकच प्रश्न विचारलात : 'हे सगळे कितीला सुरू होते?' मी म्हटले, साडेसातला. आपण त्याच दिवशी रात्री आठला आलात. सोबत एक मदतनीस होता, पण तो बाहेर टेबलांची संख्या लिहीत होता. आपण पिशवीतून स्टीलचा टेप काढलात आणि त्याचे टोक माझ्या हातात दिलेत. 'भिंतीला घट्ट धरा. टोक झिजले आहे, म्हणून 10 ची खूण भिंतीला लावा. मग आपण 10 वजा करू.' मी सत्तरीला टेकलेली बाई, गिऱ्हाइकांच्या गर्दीत वाकून भिंतीला टेप धरून उभी होते आणि माझा हात थरथरत होता. आपण म्हणालात, 'घाई नाही, नीट धरा.' मग आपण आकडा मोठ्याने वाचलात, उपाहारगृहाच्या मालकांना बोलावून त्यांनाही वाचायला लावलात आणि कागद माझ्यापुढे करून म्हणालात, 'लिहा, तुम्हीच लिहा.' 1 मीटर 32 सेंटिमीटर, वजा 10, म्हणजे 1 मीटर 22. नकाशात तेथे 3 मीटर मोकळे दाखवले आहेत.

मॅडम, आपल्याला कदाचित ते रोजचे काम वाटले असेल. टेपचे दुसरे टोक कुणीतरी धरायचेच असते. परंतु दोन वर्षांत त्या क्षणापर्यंत मी फक्त कटकट करणारी म्हातारी होते. टेप हातात आला तेव्हा प्रथमच मला वाटले की माझे म्हणणे मोजता येते, ते खरे आहे आणि मी खरे सांगते आहे हे कुणीतरी धरून चालले आहे. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम 1966 चा आहे, आगीपासून बचावाचा राज्याचा अधिनियम 2006 चा आहे. हे दोन्ही कायदे मी तक्रार करत होते त्या दोन्ही वर्षांत होतेच. तेव्हा नव्हता तो टेप उघडणारा हात.

आणखी एक सांगायचे आहे. आपण मालकांवर आवाज चढवला नाहीत. गर्दीसमोर त्यांची शोभा होऊ नये म्हणून त्यांना बाजूला घेऊन नकाशा दाखवलात आणि सिलिंडर त्याच रात्री हलवायला लावलेत. तंदूरवरच्या मुलाला आपण नाव विचारलेत आणि गाळ्याच्या आत काम चालू राहील, तुझे जाणार नाही, असे सांगितलेत. त्याच्या चेहऱ्यावरची भीती मलाही दिसली होती, पण त्याच्याशी दोन शब्द बोलावेत असे मला सुचले नव्हते. नियमाला धरून वागणारी माणसे कठोरच असावी लागतात असा माझा समज होता. वयाच्या या टप्प्यावर आपण तो पुसलात. आपल्या शहरात अशी माणसे आहेत. पाणी साचले की कमरेएवढ्या पाण्यात मॅनहोलपाशी पहारा देत उभा राहणारा कामगार आहे, म्हातारी चढेपर्यंत घंटी न वाजवणारा बेस्टचा कंडक्टर आहे. त्यांच्याविषयी लिहायचे माझ्याकडून राहून गेले आहे, म्हणून निदान आपल्याविषयी तरी वेळेवर लिहावे असे ठरवले.

त्या रात्री आपण चहा नको म्हणालात, फक्त पाणी घेतलेत. माझे यजमान खिडकीतून सगळे पाहत होते. आता संध्याकाळी ते भिंतीला हात लावत त्या मोकळ्या जागेत चालतात. फाटकापासून जिन्यापर्यंत जाऊन परत, अशा चार फेऱ्या होतात. अँगल काढले तेथे भिंतीला चार भोके राहिली आहेत. पहिल्या भोकाखाली आपण मारलेली पेन्सिलीची खूण अजून आहे; रंगारी आले तेव्हा तेवढी जागा मी त्यांना रंगवू दिली नाही.

आपली कृतज्ञ,
पहिल्या मजल्यावरची रहिवासी