यादीत कर्ज का नाही?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पुरवणीतला विवाहपूर्व करारांवरचा, म्हणजे पैशांचे आणि मालमत्तेचे लग्नाआधीच लेखी ठरवून ठेवण्यावरचा, लेख वाचला आणि त्यावर आलेली पत्रेही वाचली. 'ही परदेशी थेरं', 'साता जन्मांच्या नात्यात कागद कशाला', असा बहुतेकांचा सूर आहे. मी नागपुरातल्या एका बँकेतून निवृत्त झाले, शेवटची बारा वर्षे कर्ज विभागात होते. मला एकच विचारायचे आहे : आपल्याकडे कागदाशिवाय लग्न ठरते कधी?

मागच्या महिन्यात माझ्या भाचीच्या साक्षगंधाआधी दोन्ही घरांची बैठक झाली. हॉल कोणाचा, वऱ्हाडी किती, मानपानाच्या साड्या किती, मंगळसूत्र किती तोळ्यांचे, रुखवतात काय आणि जावयाला अंगठी की चेन, हे सगळे दोन्हीकडच्या जाणत्यांनी बसून फुलस्केप कागदावर उतरवले. वर 'श्री', खाली दोघांच्या सह्या. त्या यादीत कोणाला परदेशी काही दिसले नाही. मग मी विचारले, की मुलाचे शिक्षणाचे कर्ज अजून किती फिटायचे आहे? आणि भाची दरमहा आईवडिलांना पैसे देते, ते पुढे चालू राहणार ना? बैठकीत एकदम शांतता. मुलाचे मोठे काका म्हणाले, "ताई, पोरं अजून मांडवात नाही गेली अन् तुम्ही फारकतीचं काय काढून राहिल्या?"

फारकतीचे मी काढलेच नव्हते. कर्जाचे काढले होते. पण आपल्याकडे लग्नात सोन्याचे वजन विचारणे शुभ आणि कर्जाचा आकडा विचारणे अशुभ. बेसा-मनीषनगरकडे प्लॉट बघायला गेलो की 'आरएल झालंय का?', म्हणजे प्लॉटच्या मंजुरीचे पत्र आले का, हा आपला पहिला प्रश्न असतो. त्यावर प्लॉटवाला रागावत नाही.

आता कायद्याचे. लेखात विवाहपूर्व करार म्हणजे जणू संरक्षक कवचच असे लिहिले होते, ते मला पटले नाही. हिंदू विवाह कायद्यात अशा करारासाठी वेगळी तरतूद नाही आणि करार कायद्याच्या कलम २३ खाली सार्वजनिक धोरणाविरुद्धचा करार रद्द ठरतो. १९०१ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयात एक प्रकरण गाजले. नवऱ्याने लग्नाआधी लिहून दिले होते, की मी सासरवाडीलाच राहीन. म्हणजे चक्क घरजावयाचा करार. न्यायालयाने तो मानला नाही. पोटगीचा हक्कही आधी लिहून सोडता येत नाही. आठ हजार रुपये घेऊन 'पुढे काही मागणार नाही' अशी तडजोड केलेल्या एका बाईला सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये पुन्हा पोटगी मागण्याची वाट मोकळी ठेवली, आणि योग्यच केले.

लग्नानंतरच्या कराराची गोष्ट तर आणखी मासलेवाईक आहे. मोबदल्याशिवायचा करार रद्द, असे करार कायद्याचे कलम २५ सांगते, पण त्याला एक अपवाद देते : जवळच्या नात्यात नैसर्गिक प्रेमापोटी, लेखी आणि नोंदणी करून केलेला करार चालतो. १९०० च्या सुमारास बंगालातल्या एका नवऱ्याने बायकोला पैसे द्यायचे असे नोंदणीकृत कागदावर लिहून दिले, पण त्याच कागदात 'आमची सतत भांडणे होतात म्हणून' हेही लिहून ठेवले. न्यायालय म्हणाले, मग यात प्रेम कुठे आहे? करार गेला. तेव्हा लिहायचेच असेल तर गोडी असतानाच लिहावे.

आपल्या शेजारच्या गोव्यात मात्र निराळे आहे. तिथे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेची परंपरा आहे. काहीच लिहिले नाही तर नवराबायकोची मालमत्ता सामाईक धरली जाते आणि वेगळी ठेवायची तर लग्नाआधीच तसा करार नोंदवावा लागतो. नवराबायकोची सामाईक मालमत्ता ही कल्पनाच आपल्या कायद्यात नाही. घटस्फोटात बायकोला नवऱ्याच्या मालमत्तेत वाटा देणारे विधेयक राज्यसभेने २०१३ मध्ये मंजूर केले होते, लोकसभेत ते अडकले आणि गेले. म्हणून आपल्याकडे ज्याच्या नावावर कागद त्याचे घर, हाच व्यवहार आहे. आणि इथेच माझी बारा वर्षांची खुर्ची बोलते.

गृहकर्जात पगार कमी पडला की बायकोला सहकर्जदार घेतात. सही ती करते, हप्ता तिच्याही खात्यातून जातो, पण रजिस्ट्रीवर नाव फक्त नवऱ्याचे किंवा सासऱ्यांचे. हप्ते थकले की बँक दोघांच्याही मागे लागते. घर विकले तर पैसे एकाचेच. मी अशा बायकांना विचारायची, "इंडेक्स टू बघितलं का?" म्हणजे खरेदीच्या नोंदणीचा उतारा, घर कोणाच्या नावावर ते त्यात दिसते. बहुतेकींना ते काय असते हेच ठाऊक नसायचे. उलटेही होते बरे. महाराष्ट्रात २०२१ पासून फक्त स्त्रीच्या नावे घर घेतले तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. ती वाचवायला रजिस्ट्री बायकोच्या नावे होते, पुढे हप्ते नवरा भरतो आणि बिनसले की तोही बँकेत येऊन विचारतो, "मॅडम, माझा काहीच पुरावा नाही का?" कोणी किती भरले याचे एक साधे टिपण, दोघांच्या सहीचे, सुरुवातीला कोणी केलेले नसते.

पत्रे लिहिणाऱ्यांपैकी किती जणांना माहीत असेल कोण जाणे, पण २०२० मध्ये पोटगीच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने देशभरासाठी एक नमुना ठरवून दिला. पोटगीच्या दाव्यात नवरा आणि बायको दोघांनीही उत्पन्न, मालमत्ता, कर्जे, विमा आणि आपल्यावर अवलंबून असलेली माणसे हे सगळे प्रतिज्ञापत्रावर सांगायचे. ते प्रकरण निघाले होते आपल्याच नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून, मग उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठातून वर गेले. शेतकरी कुटुंबांसाठी त्या निकालात वेगळा नमुना आहे. काटोल-नरखेडच्या संत्रा बागायतदारांना तोच लागू पडेल. म्हणजे भांडण झाल्यावर जो फॉर्म शपथेवर भरावाच लागतो, तोच साक्षगंधाआधी चहा पिता पिता भरायला काय हरकत आहे? तो करार नाही. त्यात कोणी कोणाला काही सोडून देत नाही. फक्त खरे आकडे समोर येतात.

भाचीने आणि त्या मुलाने नेमके हेच केले. काकांना न विचारता. दोघांनी दोन रविवार बसून तो नमुना भरला. मुलाचे कर्ज चौदा लाख निघाले. बैठकीत ते 'थोडंफार' होते. भाचीच्या एका क्रेडिट कार्डावर साठ हजार थकले होते, हे मलाही, म्हणजे तिच्या मावशीला, ठाऊक नव्हते. दोघांनी ठरवले ते असे : आपापले जुने कर्ज आपण फेडायचे, दोन्हीकडच्या आईवडिलांना पाठवायची रक्कम घरखर्चाच्या आधी बाजूला काढायची, आणि घर घेतले तर रजिस्ट्रीवर दोघांची नावे आणि दोघांचा वाटा टक्क्यांत. हे पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर घ्यायचे की साध्या कागदावर, यावर त्यांचा अजून वाद चालू आहे.

मी त्यांना आणखी एक सांगितले, मृत्युपत्र. त्यावरही घरात नाके मुरडली गेली. पण हिंदू उत्तराधिकार कायद्याचे कलम १५ वाचा. त्या कायद्याच्या व्याख्येत बौद्ध, जैन, शीखही येतात, म्हणजे नागपुरातली बहुतेक घरे आली. मूलबाळ नसलेली विधवा मृत्युपत्र न करता गेली, तर तिने स्वतः कमावलेले आधी नवऱ्याच्या वारसांकडे जाते, तिच्या आईवडिलांकडे नंतर. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे अशीच एक कहाणी आली होती. लग्नानंतर तीन महिन्यांत नवरा गेला, सासरच्यांनी मुलीला घालवून दिले, माहेरच्यांनी तिला शिकवले, ती नोकरीला लागली. ती गेली तेव्हा तिची बँकेतली शिल्लक आणि भविष्यनिर्वाह निधी मिळाला नवऱ्याच्या बहिणीच्या मुलांना. कायदा असाच आहे, आम्ही सहानुभूतीवर निर्णय देऊ शकत नाही, असे न्यायालयाचे म्हणणे. मृत्युपत्राला स्टॅम्प पेपर लागत नाही. दोन साक्षीदार लागतात, बस.

'हे सगळं पैसेवाल्यांचं' हा आक्षेप मला सगळ्यात पोकळ वाटतो. इस्टेट असलेल्याला वकील मिळतोच. अडकतो तो एका पगारावर दोन घरे चालवणारा.

जाता जाता काकांच्या यादीबद्दल. हुंडाबंदी कायद्याखाली १९८५ चे नियम आहेत. वधूला आणि वराला मिळालेल्या भेटींच्या दोन स्वतंत्र लेखी याद्या करायच्या, प्रत्येक वस्तूची अंदाजे किंमत, देणाऱ्याचे नाव आणि नाते लिहायचे आणि दोघांनीही सह्या करायच्या. वधूची यादी वधूकडे, वराची वराकडे. पुढे स्त्रीधनाचा वाद झाला तर हाच कागद उपयोगी पडतो. इतक्या लग्नांना गेले, अशी यादी केलेली मी एकदाही पाहिली नाही.

तेव्हा आपणास विनंती, की लग्नसराईच्या पुरवणीत हॉल आणि केटररच्या जाहिरातींशेजारी या यादीचा आणि २०२० च्या त्या प्रतिज्ञापत्राचा मराठी नमुना छापावा. शेतकऱ्यांसाठीचाही. कात्रण काढून बैठकीला नेता येईल, एवढ्या आकाराचा.

आपली,
एक निवृत्त बँक कर्मचारी
नागपूर