निधनवार्तेत तिचे कामही येऊ द्या

महोदय,

आपल्या दैनिकातील निधनवार्ता मी रोज वाचतो. गावाकडची एखादी वयोवृद्ध बाई गेली की मजकूर ठरलेला असतो: अमक्याच्या मातोश्रींचे वृद्धापकाळाने निधन, पश्चात मुले, सुना, नातवंडे, पतवंडे असा परिवार. मुलांचे हुद्दे येतात, जावयाचे गाव येते. आठ-नऊ दशके त्या बाईने काय केले, हे मात्र येत नाही.

माझी चुलत आजी नुकतीच वारली. नव्वदी कधीच ओलांडली होती. नेमके वय कुणालाच ठाऊक नाही, आधार कार्डावरची १ जानेवारी अंदाजाने लिहिलेली. तिच्याही वाट्याला अशाच चार ओळी आल्या.

आजोबा मुंबईला गिरणीत होते. १९८२च्या संपानंतर ते गावी परतले, तोवर माणदेशातली आमची कोरडवाहू शेती तिनेच केली. सातबारावर तिचे नाव नव्हते, पण वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, आला की नाही हे ढेकूळ मुठीत दाबून तीच सांगायची. मळणीआधी ज्वारीची टपोरी कणसे वेगळी काढायची. त्यांचे दाणे राखेत घोळून मडक्यात भरायचे आणि तोंड शेणमातीने लिंपायचे. आमच्या भावकीतली निम्मी घरे पेरणीला तिच्याकडूनच बी न्यायची.

बहात्तरच्या दुष्काळात ती आधी खडी फोडायला आणि मग पाझर तलावाच्या कामावर गेली. डोक्यावर चुंबळ, त्यावर मातीची पाटी. खायला मिलो या परदेशी लाल ज्वारीची भाकरी आणि कामावर मिळणारी सुकडी. त्या तलावाखालच्या विहिरींना आजही पाणी असते. रोजगार हमीचा कायदा महाराष्ट्राने १९७७ साली केला, २००५ मध्ये देशाने तसाच कायदा स्वीकारला. रोजगार हमी योजनेचे जनक म्हणून वि. स. पागे यांचे नाव आपण आदराने घेतो आणि ते घ्यायलाच हवे. पण ज्यांनी उन्हातान्हात ती माती वाहिली त्या बायांची नावे मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, अंगठ्याशेजारी होती, ती मस्टरे आता कुठे असतील?

शिवाय ती सुईण होती. आमच्या वाडीतली एक अख्खी पिढी तिच्या हातावर जन्मली. त्यातल्या बहुतेकांची जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावर १ जून अशी आहे, कारण गुरुजींनी तीच लिहिली. आजीला विचारले तर ती म्हणायची, "तू पोळ्याच्या आदल्या रातीचा, पाऊस लागला हुता." तिची ही आठवण कुणी कागदावर उतरवून घेतली नाही. मला याचे फार वाईट वाटते.

असे काम आपल्याकडे झालेलेच नाही, असे नाही. हेमा राईरकर आणि गी पॉयटवाँ या अभ्यासकांनी सहकाऱ्यांसह खेडोपाडी जाऊन जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या आणि गाणाऱ्या बाईचे नाव व गावही नोंदवून ठेवले. ओवीसाठी जे झाले ते शेती, बियाणे, बाळंतपण, दुष्काळी काम यांसाठीही व्हायला हवे. बहात्तरला ज्या विशीत होत्या, त्यांनीही आता सत्तरी ओलांडली आहे. हातात वेळ थोडा आहे.

आपल्याला विनंती एवढीच, की निधनवार्तेचा मजकूर घेताना घरच्यांना एक प्रश्न जरूर विचारावा: आजी काय काम करायच्या? उत्तराच्या दोन ओळी छापाव्यात. बाईचे स्वतःचे नाव मुलाच्या नावाआधी द्यावे. ग्रामीण पुरवणीत आठवड्याला एका हयात आजीची हकिकत तिच्याच बोलीत द्यावी. ती लिहून आणायला शाळा-महाविद्यालयांतली मुले नक्की पुढे येतील. आमच्या वाडीत अशा तिघी अजून आहेत. त्यांच्याशी बोलायला आपला वार्ताहर आला, तर त्याला मी स्वतः घेऊन जाईन.

आपला,
एक वाचक, ता. माण, जि. सातारा